त्रिरश्मीच्या माथ्यावरून: वर्षातला सगळ्यात दक्षिणेचा सूर्योदय

निशिगंध | २१ डिसेंबर २०२५, दुपारी १२:५०

आज पहाटे अप्पांना आणि लेकाला घेऊन नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगरावर, म्हणजे त्रिरश्मीवर, जाऊन आले. बोटं अजून गार आहेत, पण डोळ्यांपुढून तो सूर्य हलत नाही. म्हणून स्वयंपाक उरकला आणि आधी लिहायला बसले.

आमचं घर पाथर्डी फाट्याजवळ, चौथ्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. दूध तापत ठेवून सूर्य कुठून वर येतो ते बघायची सवय मला कधी लागली, ते सांगता येणार नाही. जूनमध्ये तो पार डावीकडे, पाण्याच्या टाकीमागून येतो. गणपतीनंतर रोज थोडा थोडा उजवीकडे सरकतो. दसऱ्याला खिडकीच्या मधल्या गजापलीकडे गेलेला असतो. आणि दिवाळी झाली की शेजारच्या इमारतीआड जातो तो थेट फेब्रुवारीत बाहेर येतो. म्हणजे त्याच्या वाटेचं दक्षिणेकडचं टोक मी या घरातून कधी पाहिलंच नव्हतं. ते बघायचं तर उंच जायला हवं, आणि उंच म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर एकच डोंगर.

साडेपाचला निघालो. कालच अमावास्या संपली, त्यामुळे मिट्ट काळोख. लेण्यांच्या आवारात अशा वेळी जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. आम्ही डोंगराच्या अंगाने जाणारी पायवाट धरली. अप्पा ७४ वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त. तीस वर्षं नाशिकरोडला सायकलने गेलेले पाय आहेत ते. दहा पावलं चालायचे, काठीवर रेलायचे आणि वर बघायचे. पश्चिमेला गुरू कंदिलासारखा लखलखत होता, उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले, पूर्वेला स्वाती, आग्नेयेला चित्रा. मुलाला ते एकेक दाखवत होते. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत घुसत होती. खाली हायवेवरचे ट्रक आणि त्यामागे अख्खं शहर दिव्यांचं.

साडेसहाच्या पुढे सिन्नरच्या बाजूला क्षितिज तांबूस व्हायला लागलं. मी होकायंत्र आणलं होतं. नाशिकच्या अक्षांशावरून आदल्या रात्री हिशोब केला होता, तो ११५ अंश निघाला होता. म्हणजे बरोबर पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला. पंचांगाप्रमाणे उदय ७:०५ चा. समोर डोंगररांगांची एक धूसर रेघ आहे, तिच्यावरून पहिला ठिपका दिसला तेव्हा घड्याळात ७:०८ झाले होते. निखाऱ्यावर फुंकर घातल्यावर एक कड पेटावी तसा. मग ती कड रुंदावत गेली. इथे सूर्य सरळ वर येत नाही, थोडा उजवीकडे तिरका सरकत येतो, हे आज पहिल्यांदा नीट लक्षात आलं. पूर्ण बिंब रेघेच्या वर यायला अडीच मिनिटं लागली. तेवढा वेळ कोणी बोललं नाही.

मग अप्पांनी टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "झालं. इथून फिरला माघारी."

लेकाने दोन धोंडे आणले. एक पायाशी ठेवला, दुसरा चार पावलांवर, अशा बेताने की पहिल्यावरून दुसऱ्याकडे बघितलं की नजर नेमकी सूर्य उगवला त्या जागी जावी. कोणी शिकवलं नव्हतं त्याला.

उतरताना जे दिसलं ते मात्र मनात नव्हतं. माथा सोनेरी झाला होता, समोरच्या शेतांवर ऊन आलं होतं, पण लेणी असलेली उत्तरेची बाजू पूर्ण निळसर सावलीत. तिकीट खिडकी उघडेपर्यंत थांबलो, आत गेलो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात खांबाला हात लावला तर माठाला लावावा तसा गार. मी विचार करतेय की या दिवसांत लेण्यांच्या तोंडावर ऊन येतच नसणार.

आणखी कोणी हा सूर्योदय डोंगरावरून बघतं का? तुमच्याकडे तो कशावरून उगवतो?

---

भटकंती | २१ डिसेंबर, दुपारी २:१५

ताई, सुंदर लिहिलंय. अप्पांना नमस्कार.

एक काळजीची गोष्ट. अंधारात डोंगरावर चार-पाच जणांपेक्षा कमी जाऊ नका. नाशिकला बिबट्या नवा नाही. बोलत, काठी आपटत, टॉर्च पायाशी न धरता पुढे मारत चालायचं, लहान मूल कायम मधे. आणि बिंब पूर्ण वर आल्यावर त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. दुर्बिणीतून तर अजिबात नाही.

---

गंगाघाट | २१ डिसेंबर, दुपारी ३:०५

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळीच एक संदेश फिरतोय, की पांडवलेणीत १८ क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या स्तूपावर वर्षातून एकदाच, २१ डिसेंबरला, सूर्याचा पहिला किरण पडतो. खरं आहे का हे? खरं असेल तर उद्या मुलांना घेऊन जाईन. दुसरं, सूर्य सगळ्यात लांब जातो म्हणून थंडी पडते, हे शाळेत शिकलेलं आठवतंय. आणि नेमका दिवस २१ की २२?

---

निशिगंध | २१ डिसेंबर, दुपारी ४:३०

दादा, तो संदेश खरा नाही. कृपया पुढे पाठवू नका. मला या लेण्यांबद्दल फार जिव्हाळा आहे, म्हणूनच आग्रहाने सांगते.

ही लेणी डोंगराच्या उत्तर अंगावर कोरलेली आहेत. तोंडं उत्तरेकडे, फार तर ईशान्येकडे कलती. आज सूर्य ११५ अंशांवर उगवतो, दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच फिरतो आणि २४५ अंशांवर मावळतो. दुपारी सगळ्यात वर असतो तेव्हाही फक्त साडेशेहेचाळीस अंशांवर, आणि मधे अख्खा डोंगर आडवा. चैत्यगृहाच्या दारातून शेवटच्या स्तूपापर्यंत किरण जायचा तर सूर्य दाराच्या बरोबर समोर हवा. डिसेंबरात तो पाठीमागे असतो. किरण आत शिरायची थोडीफार आशा असेल तर ती जूनच्या आसपास, सूर्य उत्तरेला गेल्यावर.

घडवणाऱ्यांनी उत्तरेचं अंग का घेतलं असेल, हे एकदा उन्हाळ्यात दुपारी तिथे बसून बघा. उन्हाची झळ लागत नाही, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा मारा डोंगर स्वतःच्या पाठीवर घेतो. ही जागा भिक्खूंनी वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचा त्या काळात, राहायची होती, त्या दृष्टीने ती अगदी विचार करून निवडलेली आहे. तिचं मोठेपण सांगायला किरणाची गोष्ट रचायची गरज नाही.

थंडीचं कारण अंतर नाही. उलट पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सव्वापंधरा कोटींच्या जवळ जातं. थंडी पडते ती पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे. सध्या आपला उत्तर गोलार्ध सूर्यापासून पाठीकडे झुकलाय. ऊन तिरपं येतं आणि थोडा वेळ येतं. नाशिकला आजचा दिवस साधारण १० तास ५५ मिनिटांचा.

अयनाचा, म्हणजे सूर्य टोकाला पोचून माघारी फिरण्याचा, नेमका क्षण आज रात्री ८:३३ चा. म्हणजे आजचा सूर्योदय त्याच्या अलीकडचा आणि उद्याचा पलीकडचा, जवळजवळ सारख्याच अंतरावर. खरं तर चार-पाच दिवस इकडेतिकडे झाले तरी डोळ्याला फरक कळत नाही. या टोकाशी पाच दिवसांत उगवती बिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढीही सरकत नाही. मार्चमध्ये मात्र रोज पाऊण बिंबाहून जास्त सरकते. झोका टोकाला गेला की क्षणभर थांबल्यासारखा वाटतो ना, तसं.

उद्या मुलांना न्याच. माथ्यावर न्या.

---

शिलालेखप्रेमी | २१ डिसेंबर, रात्री ९:२०

निशिगंध, तुम्ही खांबाला हात लावून जे लिहिलंत त्यावर मला सविस्तर बोलायचंय. ३५ वर्षं या लेण्यांत जातो आहे, आणि ती सावली व तो गारवा तिथल्याच भिंतीवरच्या अक्षरांशी जोडलेला आहे.

आधी डोंगराचं नाव. पांडवांशी या डोंगराचा संबंध नंतर जोडला गेला. लेखांत तो प्राकृतात 'तिरण्हु' आणि संस्कृतात 'त्रिरश्मि' आहे. रश्मी म्हणजे किरण. तीन किरणांचा डोंगर. शहरातून याचा सुळका बघा, कोणाच्याही मनात हे नाव का आलं असेल ते दिसतं. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा दीनिकाचा मुलगा आणि क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप (शासक) नहपानाचा जावई. त्यात म्हटलंय, 'गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु धर्मात्मना इदं लेणं कारितं'. 'लेणं' हा शब्द बघा. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी कोरलेला, आणि आज आपण तसाच्या तसा बोलतो.

याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात उषवदाताने ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव नोंदवली आहे. ठेव कुठे? गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एकीकडे २०००, महिना शेकडा १ दराने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. आता पहिल्या ठेवीचा हिशोब करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेख सांगतो की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस बारं दोनशे चाळीस. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही.

चीवर म्हणजे भिक्खूंचं वस्त्र. वर्षावास संपला की चीवरदानाचा काळ येतो, आणि त्यापाठोपाठ हेमंत. तुम्ही आज ज्या दगडाला हात लावून मागे घेतलात, त्या दगडाच्या ओट्यावर ही माणसं झोपत होती आणि डिसेंबरभर दारात ऊन येत नव्हतं. विणकरांकडे ठेवलेल्या पैशाच्या व्याजातून त्यांच्या अंगावरचं कापड येत होतं. पूर्वी तो लेख मी आकडेमोड म्हणून वाचायचो. तुमची आजची नोंद वाचल्यावर तो थंडीचा लेख वाटायला लागला.

आणखी एक. सातवाहनांच्या लेखांत आपल्यासारखा महिना आणि तिथी नसते, ऋतू असतात. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, ज्यात तिने आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगितला आहे. त्यावरचा काळ असा: श्रीपुळुमावी राजाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षात, तेराव्या दिवशी. वर्षाचे तीन ऋतू, ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत, प्रत्येकाचे आठ पक्ष. ज्यांचं कॅलेंडरच ऋतूचं, त्यांना सूर्य कुठे पोचलाय हे रोज कळत असणार.

शेवटचं, आपल्या गावाबद्दल. १९ व्या क्रमांकाचं लहानसं लेणं सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळातलं, इथल्या सगळ्यात जुन्यांपैकी. ते नासिकच्या महामात्र (मोठा अधिकारी) श्रमणाने करवलं असं त्यावर लिहिलंय. 'नासिक' हे नाव तिथे दगडात आहे. मुलांना न्याल तेव्हा ते लेणं चुकवू नका. छोटं आहे म्हणून लोक पुढे निघून जातात.

---

गंगाघाट | २१ डिसेंबर, रात्री १०:१०

काका, ताई, मनापासून आभार. ग्रुपवर तो संदेश ज्यांनी टाकला होता त्यांना फोन करून सांगितलं. त्यांनी काढून टाकला. उद्या १९ क्रमांक बघणार.

---

द्राक्षमळा | २२ डिसेंबर, सकाळी ९:४०

मी निफाड तालुक्यातला. आमच्याकडे या दिवसांत सूर्याची वाट बघणं हे कामच आहे. पहाटे चारला उठून बागेत शेकोट्या लावतो, धूर ओळींमधून फिरला पाहिजे, आणि ठिबक चालू करतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, मुळाशी गेलं की बागेला आधार मिळतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर आल्याची बातमी आली की रात्रभर डोळा लागत नाही. मणी तडकले की वर्षाची मेहनत गेली. मग पानांवरचं दव चमकलं, ऊन ओळीत उतरलं, की पहिला चहा.

माझा एक जुना प्रश्न आहे. २१ डिसेंबरपासून दिवस मोठा होतो म्हणतात. पण माझ्या बागेत ऊन यायची वेळ संक्रांतीपर्यंत आणखी पुढेच जाते. हे मी वर्षानुवर्षं बघतोय. माझं चुकतंय का?

---

निशिगंध | २२ डिसेंबर, दुपारी १:१५

दादा, तुमचं अगदी बरोबर आहे. रोज पहाटे बांधावर उभं राहणाऱ्यालाच हे दिसतं.

नाशिकला सगळ्यात उशिराचा सूर्योदय २१ डिसेंबरला नसतो, जानेवारीच्या मध्याला असतो, ७:१२ च्या आसपास. सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो, ५:५४ च्या सुमारास. आताच सूर्यास्त ६ वाजता होतोय. म्हणजे संध्याकाळ आधीच लांबायला लागली, सकाळ मागून येते.

कारण असं. सूर्य बरोबर माथ्यावरच्या रेषेत येतो ती खरी दुपार. ती नोव्हेंबरच्या शेवटी १२:२२ ला होते, आता १२:३३ ला, आणि संक्रांतीला १२:४४ ला होईल. एक तर पृथ्वी आत्ता सूर्याच्या जवळ असल्यामुळे कक्षेत वेगाने धावतेय. दुसरं, आसाच्या कलण्यामुळे अयनाच्या आसपास सूर्याची ताऱ्यांमधली पूर्वेकडची चाल जास्त पडते. दोन्ही मिळून सूर्य पुन्हा त्याच रेषेत यायला पृथ्वीला रोज थोडं जास्त फिरावं लागतं. दुपार रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुढे ढकलली जाते, तर दिवसाची वाढ सुरुवातीला काही सेकंदांचीच असते. दुपारच पुढे गेली की सकाळही तिच्याबरोबर ओढली जाते.

तुमच्या शेकोट्यांबद्दल वाचून आज सकाळी खिडकीत उभं राहताना निफाडची आठवण झाली. बाग सुखरूप राहो.

---

बॉयनकाठ | २२ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

मूळची सिडकोतली, आता डब्लिनजवळ राहते. धागा वाचून घराची फार आठवण आली.

इथून तासाभरावर बॉयन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाची टेकडीसारखी वास्तू आहे. सुमारे ५२०० वर्षांपूर्वीची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनी. दगडमातीचा प्रचंड गोल ढीग आणि आत १९ मीटर लांबीचा अरुंद बोळ. दाराच्या वर एक वेगळा झरोका ठेवलाय. वर्षातल्या या चार-पाच दिवसांत, सकाळी नऊच्या दोन मिनिटं आधी, त्या झरोक्यातून सूर्याची तिरीप आत शिरते, जमिनीवरून सरकत शेवटच्या दालनापर्यंत जाते आणि १७ मिनिटांनी परतते. आजच्या काळात हे पहिल्यांदा पाहिलं ते उत्खनन करणारे मायकेल ओकेली यांनी, २१ डिसेंबर १९६७ ला. एकटेच आत उभे होते. आत मोजकीच माणसं मावतात म्हणून चिठ्ठ्या काढतात. माझं नाव आजवर आलेलं नाही. काल आम्ही बाहेरच्या गवतात उभे राहिलो.

तिथे तो झरोका मुद्दाम आहे, शंका नाही. पण निशिगंधताई, तुमचं मला पटलं. जिथे रचलेलं नाही तिथे ते लादू नये.

इथे या दिवसांत सूर्य १३२ अंशांच्या आसपास उगवतो. नाशिकच्या मानाने किती दक्षिणेला गेला बघा. दुपारी बाराला सुद्धा क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर. दिवस साडेसात तासांचा. मुलं शाळेतून येतात तेव्हा दिवे लागायला आलेले असतात. आईला फोनवर सांगितलं की आज सूर्य फिरला, तर तिने तिकडे देवापुढे साखर ठेवली.

---

करवीर | २२ डिसेंबर, रात्री ८:४५

कोल्हापूरहून. आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव सगळ्यांना ठाऊक आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर.

लहानपणापासून बघतो, पण दोन वेळा का, हे कधी मनात आलं नाही. आज धागा वाचून दिवस मोजले. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. सूर्य जाताना एकदा त्या रेषेवरून जातो आणि टोकाला पोचून परत येताना पुन्हा त्याच रेषेवरून. निशिगंधताईंच्या अप्पांनी म्हटलं तेच, माघारी फिरला. वाचता वाचता अंगावर काटा आला.

---

वाड्यातली | २३ डिसेंबर, सकाळी ११:२०

माझं माहेर जुन्या नाशकात, वाड्याचं. आता तो वाडा नाही.

सोप्याचं तोंड दक्षिणेला होतं. आजी रोज दुपारी तिथे तांदूळ निवडायला बसायची. उन्हाळ्यात ऊन उंबऱ्याच्या बाहेरच राहायचं. दिवाळीनंतर ते आत यायला लागायचं, एक फरशी, दोन फरशा. शहाबादी फरशी होती, करड्या रंगाची, मधे एक चिरलेली. मार्गशीर्षातले गुरुवार संपत आले की ऊन त्या चिरलेल्या फरशीपर्यंत पोचायचं. तिथे आजी कोळशाने एक बारीक रेघ मारायची आणि म्हणायची, "पाहुणा आत आला, आता निघेल." सडासारवणात रेघ पुसली जायची. पुढच्या वर्षी ऊन पुन्हा तिथेच.

आजी शाळेत गेलेली नव्हती. हे टोक ती फरशीवर बघत होती आणि आम्ही पोरं त्या उन्हाच्या पट्ट्यात पाय शेकत बसायचो. एवढ्या वर्षांत तिच्या त्या रेघेबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं.

---

निशिगंध | २३ डिसेंबर, दुपारी २:००

वाड्यातली ताई, तुमचं वाचून अप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या घरी हेच माजघरात दिसायचं.

ज्यांच्या घराला दक्षिणेची खिडकी किंवा बाल्कनी आहे त्यांनी या आठवड्यात साडेबारानंतर एक खूण करून ठेवा. १ मीटरच्या काठीची सावली आत्ता दुपारी ९५ सेंटीमीटरच्या आसपास पडते. २० मेच्या सुमारास तिच काठी उभी करा, नाशिकला त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि काठीला सावलीच नसते.

---

भटकंती | २४ डिसेंबर, सकाळी ८:३०

काल सकाळी आम्ही आठ जण माथ्यावर गेलो होतो. सूर्योदय अप्रतिम. निशिगंधताई, तुमच्या मुलाचे धोंडे जागेवर आहेत, हात लावला नाही.

पण उतरताना मन खट्टू झालं. एका लेण्याच्या ओसरीत ताजी नावं कोरलेली दिसली. नाण्याने किंवा किल्लीने खरवडलेली, पांढरी. दोन हजार वर्षं टिकलेल्या दगडावर. कोणी खरवडताना दिसलं तर रागावण्याआधी शांतपणे थांबवा आणि आवारातल्या रखवालदाराला सांगा. मी गेल्या वर्षी एका मुलाला १९ व्या लेण्यातलं 'नासिक' बोटाने दाखवलं होतं, त्याने किल्ली खिशात ठेवली. प्रत्येकाला ते अक्षर दाखवायला हवं.

---

गंगाघाट | २६ डिसेंबर, रात्री ९:००

मुलीचा प्रश्न आहे. उत्तरायण २१ डिसेंबरला सुरू झालं तर आपण ते संक्रांतीला का मानतो?

---

शिलालेखप्रेमी | २६ डिसेंबर, रात्री ९:५०

तिला शाबासकी द्या.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे अयनाचा बिंदू ताऱ्यांच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत १ अंश मागे सरकतो. आपली संक्रांत ताऱ्यांवर बांधलेली आहे, सूर्य मकर राशीत शिरतो तेव्हाची. ऋतू मात्र अयनावर चालतात. सुमारे १७०० वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच दिवशी येत होते. तेव्हापासून २४ अंशांचं अंतर पडलं, म्हणून २४ दिवसांचा फरक.

तिला आवडेल अशी गोष्ट सांगा. त्रिरश्मीवर बलश्रीचा लेख कोरला जात होता, त्या काळात सूर्य माघारी फिरण्याचा दिवस आणि आज आपण जिला मकरेची सुरुवात म्हणतो ती जागा यांच्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नव्हता.

---

बॉयनकाठ | २८ डिसेंबर, दुपारी ४:१५

पेरूमध्ये चांकियो नावाची जागा आहे, सुमारे २३०० वर्षांपूर्वीची. टेकडीच्या कण्यावर ओळीने १३ दगडी बुरूज बांधलेत. ठरलेल्या जागी उभं राहिलं की सूर्य वर्षभर या टोकाच्या बुरुजापासून त्या टोकाच्या बुरुजापर्यंत जाऊन परत येतो. २०२१ मध्ये ती जागतिक वारशात घेतली गेली. निशिगंधताईंच्या मुलाचे दोन धोंडे वाचून मला तेच आठवलं. त्याला सांगा, आणखी धोंडे ठेव.

---

निशिगंध | १४ जानेवारी २०२६, सकाळी १०:४०

सांगितलं. आज पुन्हा गेलो होतो, यावेळी सहा जण, वाड्यातली ताई पण आल्या.

उदय पंचांगात ७:१२ चा, समोरच्या रांगेवर ७:१५ ला दिसला. २१ डिसेंबरच्या दोन धोंड्यांवरून नजर लावली तर तिथे काहीच नव्हतं, नुसती तांबूस रेघ. सूर्य डावीकडे उगवला. हात लांब करून अंगठा धरला, साधारण अंगठ्याएवढं अंतर. हिशोबाने सव्वादोन अंश, म्हणजे चार बिंबं शेजारी शेजारी ठेवल्यावर होतं तेवढं. लेकाने तिसरा धोंडा ठेवला.

वाड्यातली ताईंनी पिशवीतून कोळशाचा तुकडा काढला होता. धोंड्यावर रेघ मारायला वाकल्या, मग थांबल्या, आणि तो तसाच परत पिशवीत ठेवून तिळगुळाचा डबा उघडला.

खाली लेणी अजून सावलीतच आहेत. चौथा धोंडा २० मार्चला, त्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला असेल. ज्यांना यायचंय त्यांनी इथे लिहा, पाथर्डी फाट्यावर साडेपाचला भेटू.